बंद यंत्रातील जागृत वीज : प्रतिमादर्शक उपकरणांची देखभाल आणि विद्युत्सुरक्षा

प्रास्ताविक

आचार्य सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात १०१ यंत्रांचे वर्णन केले आहे. त्याच ठिकाणी यंत्रांचे १२ दोषही सांगितले आहेत, आणि सर्व यंत्रांत हात हेच प्रधान यंत्र होय, असेही प्रतिपादन केले आहे. पुढील अध्यायात २० शस्त्रांचे वर्णन आणि त्यांचे ८ दोष येतात. यंत्र वाकडे आहे काय, त्याचा खिळा सैल आहे काय, शस्त्राची धार बोथट झाली आहे काय, हे पाहणे वैद्याचेच कर्तव्य मानले गेले. यंत्र घडविणारा लोहार निराळा असला, तरी ते रुग्णावर चालविण्यापूर्वी त्याची परीक्षा करणारा वैद्यच होता.

आज आपल्या रुग्णालयांत क्ष-किरण यंत्र, सोनोग्राफी यंत्र, ईसीजी, फिल्म पाहण्याचा प्रकाशफलक अशी विजेवर चालणारी साधने आली आहेत. पिंपरी-चिंचवडच्या पश्चिमेस, पवनाकाठच्या रावेतसारख्या भागात सोसायट्यांच्या तळमजल्यावरील गाळ्यांत दहा-पंधरा खाटांची लहान रुग्णालये दिसतात. प्रतिमा घेण्याचे व वाचण्याचे काम परवानाप्राप्त तंत्रज्ञ व क्ष-किरण तज्ज्ञ करतात, दुरुस्ती कंपनीचा अभियंता करतो. परंतु वास्तू, वीजजोडणी आणि त्या जागेत काम करणारी माणसे यांची जबाबदारी रुग्णालय चालविणाऱ्या वैद्याकडेच राहते.

प्रस्तुत लेखाचा विषय यंत्र कसे दुरुस्त करावे हा नाही. यंत्राचे झाकण वैद्याने स्वतः उघडू नये, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. यंत्राची देखभाल चालू असताना कोणते धोके संभवतात, अभियंत्याकडून कोणत्या गोष्टींचा आग्रह धरावा आणि रुग्णालयाने आपल्या बाजूने काय सिद्ध ठेवावे, एवढाच विचार येथे केला आहे.

देखभालीचा काळ अधिक धोक्याचा का?

यंत्र नित्य वापरात असते तेव्हा त्याची झाकणे बंद असतात, धातूचा सांगाडा अर्थिंगला जोडलेला असतो, आणि दार उघडताच प्रवाह तोडणारी कुलूपबंद स्विचव्यवस्था कार्यरत असते. दुरुस्तीच्या वेळी हीच संरक्षणे एकेक करून दूर केली जातात. झाकण निघते, अर्थिंगची तार सुटते, सुरक्षास्विचवर तात्पुरता जंपर टाकला जातो. ज्या क्षणी मनुष्याचा हात यंत्राच्या अंतर्भागाच्या सर्वांत जवळ असतो, त्याच क्षणी यंत्राची संरक्षणे सर्वांत कमी असतात.

याला दुसरी एक गोष्ट जोडली जाते. ‘यंत्र बंद आहे’ हा समज. बटण बंद केले, दिवा विझला, पंख्याचा आवाज थांबला, म्हणजे वीज गेली, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक किती महाग पडू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. दि. २७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात प्राणवायूचा सिलिंडर घेऊन एमआरआय कक्षात गेलेला ३२ वर्षांचा तरुण यंत्राच्या चुंबकाकडे ओढला गेला आणि त्याचा मृत्यू झाला. तो रुग्ण नव्हता. रुग्णाचा नातेवाईक होता. यंत्र बंद असल्याचे आपणांस सांगण्यात आले होते, असे कुटुंबीयांनी म्हटल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी नोव्हेंबर २०१४ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ संस्थेत याच प्रकारे सिलिंडर ओढला जाऊन दोन कर्मचारी यंत्राला कित्येक तास जखडून राहिले होते.

एमआरआयचे अतिवाहक चुंबक द्रवरूप हेलियमच्या शीततेत रात्रंदिवस जागृत असते. तपासणी चालू नसली, संगणक बंद असला, वीज गेलेली असली, तरीही ते चुंबकच असते. आपल्या लहान रुग्णालयांत एमआरआय नसते हे खरे. परंतु हा दाखला एवढ्यासाठी दिला की, बंद दिसणारे यंत्र आणि निष्प्रभ झालेले यंत्र यांत भेद आहे. हाच भेद क्ष-किरण यंत्रात, सोनोग्राफी यंत्रात आणि भिंतीवरील विद्युत्फलकातही आहे. पुढील विवेचनाचा तोच आधार आहे.

विजेचा शरीरावरील परिणाम

घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा व ५० हर्ट्झचा असतो. तीन फेजांच्या पुरवठ्यात दोन फेजांमधील दाब सुमारे ४१५ व्होल्ट असतो. मात्र शरीराची हानी ठरते ती मुख्यतः प्रवाहाच्या मात्रेवर, त्याच्या मार्गावर आणि कालावधीवर. स्थूलमानाने मात्रा पुढीलप्रमाणे आहेत.

१) सुमारे १ मिलिअँपिअर : मुंग्या आल्याची जाणीव.
२) सुमारे १० मिलिअँपिअर : स्नायूंचे आकुंचन होऊन हातातील वस्तू सोडता येत नाही.
३) ३० मिलिअँपिअर व त्यापुढे : श्वसनाच्या स्नायूंवर परिणाम, प्रवाह टिकून राहिल्यास जीवितास धोका.
४) ५० ते १०० मिलिअँपिअर व अधिक : हृदयाच्या निलयांचे अनियमित स्फुरण.

कोरड्या त्वचेसह शरीराचा एकंदर रोध १००० ओहमच्या आसपास धरला, तर २३० व्होल्टला सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. म्हणजे चौथ्या मात्रेच्या कितीतरी पुढे. घामेजलेला हात किंवा ओली फरशी हा रोध आणखी घटवते.

रुग्णाच्या बाबतीत आणखी एक विशेष लक्षात घ्यावा. त्वचा हे शरीराचे नैसर्गिक आवरण आहे. शिरेतून हृदयापर्यंत नलिका घातलेली असेल, तर हे आवरण बाजूला राहते आणि मिलिअँपिअरच्या दशांशाइतका, म्हणजे सुमारे १०० मायक्रोअँपिअरचा प्रवाहही घातक ठरू शकतो. याच कारणाने वैद्यकीय विद्युत् उपकरणांसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक आवश्यक वाटले. ‘आयईसी ६०६०१’ या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या त्या मानकाची पहिली आवृत्ती १९७७ मध्ये निघाली. उपकरणाचा जो भाग रुग्णाला लागतो त्याचे बी, बीएफ आणि सीएफ असे तीन वर्ग त्यात केले आहेत. उपकरणाच्या पट्टीवर नुसती मनुष्याकृती असल्यास वर्ग बी, चौकटीतील मनुष्याकृती असल्यास बीएफ, आणि चौकटीत हृदय असल्यास सीएफ असे समजावे. निर्दोष स्थितीत रुग्णाकडे झिरपणारा प्रवाह पहिल्या दोन वर्गांत १०० मायक्रोअँपिअरच्या आत, तर सीएफमध्ये १० मायक्रोअँपिअरच्या आत असला पाहिजे. प्रत्येक सभासदाने आपल्या यंत्रावरील हे चिन्ह एकदा शोधून पाहावे.

वीज दडून राहण्याची स्थाने

रोगाच्या निदानात जसे दोषांचे स्थान शोधावे लागते, तसे येथेही करावे लागते. मुख्य स्थाने पाच आहेत.

*१. संधारित्र (कपॅसिटर).* आधुनिक उच्चवारंवारता क्ष-किरण यंत्रात येणारा प्रत्यावर्ती प्रवाह प्रथम एकदिश करून मोठ्या कपॅसिटरमध्ये साठविला जातो. २३० व्होल्टपासून सुमारे ३२५ व्होल्ट, आणि ४१५ व्होल्टपासून सुमारे ५८७ व्होल्ट एकदिश दाब तयार होतो. उदाहरणादाखल, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५८७ व्होल्टला भरलेला असेल, तर त्यात सुमारे १७२ ज्यूल ऊर्जा असते. हृदयाचे अनियमित स्फुरण थांबविण्यासाठी डिफिब्रिलेटरने देतात तो झटका साधारणतः याच मात्रेचा असतो. फरक इतकाच की, तो झटका नियंत्रित असतो आणि हा कोणाच्या हातून, कोणत्या मार्गाने जाईल, याला नियंत्रण नाही.

पुरवठा तोडल्यावर ही ऊर्जा एका रोधकातून हळूहळू ओसरते. रोधक १ लाख ओहमचा असेल, तर १०० सेकंदांनी दाब ५८७ वरून सुमारे २१६ व्होल्टवर येतो, ५ मिनिटांनी सुमारे २९ व्होल्टवर, आणि ८ मिनिटे उलटल्यावरच तो नगण्य होतो. ‘बंद केले की लगेच झाकण काढले’ ही घाई म्हणून जीवघेणी आहे. त्यातही तो रोधकच जळालेला असेल, तर दाब कित्येक तास तसाच राहू शकतो. आणि यंत्र बिघडलेले असते म्हणूनच तर अभियंता आलेला असतो! यास्तव नुसती प्रतीक्षा पुरेशी नाही, प्रतीक्षेनंतर मापन हवे. स्क्रूड्रायव्हरने दोन टोके जोडून ठिणगी पाडण्याची पद्धत सर्वथा त्याज्य समजावी. उत्पादकाने सांगितलेली, रोधक असलेली विसर्जन-कांडीच वापरली पाहिजे.

*२. उच्चदाबाची केबल व ट्यूब.* क्ष-किरण नलिकेला ४० ते १२५ किलोव्होल्ट इतका दाब लागतो. क्ष-किरणांच्या शोधानंतरच्या पहिल्या काही दशकांत या तारा उघड्या असत आणि किरणांच्या इजेबरोबरच विजेच्या धक्क्यानेही चालकांचे प्राण जात. पुढे नलिका तेलाने भरलेल्या, अर्थिंग केलेल्या कवचात बसविण्यात आली आणि तारांवर जाड आवरण आले. परंतु ही आवरणयुक्त केबल स्वतःच कपॅसिटरसारखी वागते. ती ओढून काढल्यावरही तिच्या टोकाशी भार उरतो. म्हणून निष्णात अभियंता टोक काढताक्षणी ते यंत्राच्या अर्थिंग केलेल्या सांगाड्याला टेकवितो. त्या वेळी मदतीच्या हेतूने आपल्या मदतनिसाने केबल हाती धरू नये.

*३. जुने काचनळीचे पडदे.* जुन्या सोनोग्राफी यंत्रांत दूरदर्शन संचासारखी काचनळी असे. तिच्या मागील भागात वीस हजार व्होल्ट व त्याहून अधिक दाब साचून राहतो. असे यंत्र अडगळीत पडलेले असले, तरी ते भंगारवाल्यासमोर स्वतः उघडून दाखवू नये.

*४. इन्व्हर्टर, यूपीएस आणि जनित्र.* पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवार हा साप्ताहिक सुटीचा वार आहे, आणि महावितरणची देखभालीची कामेही बहुधा त्याच वारी निघतात. ‘लाईट नाहीच आहे, तोवर दुरुस्ती उरकून घ्या’ असे सुचविणे स्वाभाविक वाटते. परंतु हीच वेळ फसवी आहे. पुरवठा कोणत्या क्षणी परत येईल हे सांगता येत नाही. सोसायटीचे जनित्र आपोआप सुरू होणारे असेल, तर ते काही सेकंदांत गाळ्यात वीज पोहोचविते. यूपीएस तर पुरवठा गेल्यावरही आपल्या बॅटरीतून २३० व्होल्ट देत राहते. वीज गेलेली असणे म्हणजे वीज तोडलेली असणे नव्हे. भारनियमनाच्या वा बंदच्या वेळीही मेन स्विच पाडून, त्याला कुलूप घालूनच काम झाले पाहिजे.

*५. यंत्राचा धातूचा सांगाडा.* अंतर्गत आवरण फाटून फेजची तार सांगाड्याला लागली आणि अर्थिंग तुटलेले असले, तर सांगाडा २३० व्होल्टवर येतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. यंत्र चालूही राहते. याचा विचार पुढील प्रकरणात करू.

अर्थिंग आणि आरसीसीबी : दोन्हींचे निरनिराळे कार्य

‘एमसीबी बसविला आहे, आता भीती नाही’ असे पुष्कळांना वाटते. एमसीबी तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरपर्यंत स्वस्थ असतो. मनुष्याला त्याच्या पाचशेव्या हिश्श्याइतका प्रवाहही धोकादायक आहे.

एक गणित पाहू. यंत्राचा सांगाडा जमिनीतील अर्थिंगला जोडलेला आहे आणि त्या अर्थिंगचा रोध ५ ओहम आहे. फेजची तार सांगाड्याला लागली. प्रवाह २३० भागिले ५, म्हणजे अधिकात अधिक ४६ अँपिअर. यंत्रासाठी ३२ अँपिअरचा एमसीबी असेल, तर तो ४६ अँपिअरला क्षणात पडत नाही. काही मिनिटे, कधी त्याहूनही अधिक वेळ घेतो. तेवढा वेळ सांगाडा जिवंत राहतो. म्हणून अर्थिंगचा रोध शक्य तितका कमी हवा आणि त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की, तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत पुरवठा तोडतो.

तथापि आरसीसीबीची मर्यादाही जाणून घ्यावी. एका हाताने फेज व दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला गेल्यास त्याला फरक दिसत नाही, कारण गेलेला प्रवाह पूर्ण परत येतो. भरलेल्या कपॅसिटरचा धक्का त्याला कळतच नाही. उच्चदाबाच्या ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडील बाजूही त्याच्या कक्षेबाहेर आहे. म्हणजे दुरुस्तीच्या वेळचे मुख्य धोके आरसीसीबीच्या दृष्टीआड आहेत. तो आवश्यक आहे, पण पर्याप्त नाही. मोठ्या स्थिर क्ष-किरण यंत्रासाठी त्याचा प्रकार व मात्रा उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार ठरवावी. आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून तो काढून टाकणे, हे ज्वर उतरत नाही म्हणून तापमापी फेकून देण्यासारखे होय.

आपल्या भागासंबंधी दोन गोष्टी विशेषत्वाने सांगाव्याशा वाटतात. पहिली भूमीची. पुणे परिसराच्या पोटात बेसॉल्टचा कठीण काळा खडक आहे. वर मुरमाचा वा मातीचा थर कोठे जाड, कोठे अगदी पातळ. खडकात विजेला वाट सहज मिळत नाही. पावसाळ्यात ओल्या मातीमुळे अर्थिंगचे मापन समाधानकारक येते आणि एप्रिल-मेमध्ये तोच आकडा वाढतो. म्हणून अर्थिंगची तपासणी उन्हाळ्यात करून घ्यावी. आषाढातील आकड्यावर वर्षभर विसंबू नये. दुसरी गोष्ट वास्तूची. सोसायटीच्या गाळ्यात रुग्णालय असेल, तर अर्थिंगचा खड्डा इमारतीचा असतो. अंगणात नव्या फरश्या बसविताना तो बुजलेला असू शकतो. खड्डा कोठे आहे आणि त्यापासून आपल्या फलकापर्यंत तार अखंड आली आहे काय, हे परवानाधारक विद्युत् ठेकेदाराकडून मोजून घ्यावे. अर्थिंगसाठी भारतीय मानक ३०४३ (सुधारित आवृत्ती २०१८) उपलब्ध आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांची जागा २०२३ च्या विनियमांनी घेतली आहे. ठेकेदाराला या दोहोंचा स्पष्ट उल्लेख करून अहवाल मागावा.

त्रिविध परीक्षा आणि तिचा क्रम

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपल्या अंगवळणी पडलेली आहे. यंत्राच्या बाबतीतही ती उपयोगी आहे. मात्र येथे क्रम बदलतो. प्रश्न प्रथम, दर्शन नंतर, आणि स्पर्शन मापनानंतरच.

*प्रश्न.* यंत्र वापरणाऱ्या तंत्रज्ञाला व परिचारिकेला विचारावे : हात लावल्यावर झिणझिण्या येतात काय? जळका वास येतो काय? विशिष्ट प्लग लावल्यावरच एमसीबी पडतो काय? ‘थोडा करंट मारते, पण चालते’ हे वाक्य ऐकू आले, तर यंत्र त्याच क्षणी बंद करून त्यावर पाटी लावावी. झिणझिण्या हे पूर्वरूप आहे. रूप प्रकट होण्याची वाट पाहू नये.

*दर्शन.* केबलचे आवरण फाटले आहे काय, उंदराने कुरतडले आहे काय? तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन, म्हणजे अर्थिंगची पिन, मोडली आहे काय? यंत्र एक्स्टेन्शन बोर्डवर चालते काय? सोनोग्राफीच्या प्रोबला तडा गेला आहे काय? प्रोबमधील स्फटिकांना विद्युत्दाब दिलेला असतो. तडा गेल्यास जेल आत शिरते आणि तेच प्रवाहाला वाट करून देते. तडा गेलेला प्रोब चिकटपट्टी लावून वापरू नये.

*स्पर्शन.* अभियंत्याने मीटरने खातरजमा केल्याशिवाय अंतर्भागाला कोणीही हात लावू नये. मापनाची शास्त्रशुद्ध रीत तीन पायऱ्यांची आहे : प्रथम मीटर चालू असलेल्या वीजस्थानी लावून तो दाब दाखवितो याची खात्री, मग यंत्रातील बंद केलेल्या स्थानी मापन, आणि शेवटी पुन्हा चालू स्थानी खात्री. मधल्या पायरीला मीटरच बिघडला असेल, तर तो शून्यच दाखवील; तिसरी पायरी तो भ्रम दूर करते. निऑनचा साधा टेस्टर हा पुरावा मानू नये. न्यूट्रल तुटलेला असता तो दोन्ही छिद्रांत पेटतो, आणि कपॅसिटरमधील एकदिश दाबाविषयी त्याचे मौन विश्वासार्ह नसते.

देखभालीच्या दिवसाची कार्यपद्धती

१) दुरुस्तीची वेळ रुग्णांच्या वेळेबाहेर ठरवावी. यंत्राच्या कक्षात त्या वेळी रुग्ण, नातेवाईक वा सफाई कर्मचारी नसावेत.

२) अभियंता अधिकृत आहे काय, हे पाहावे. क्ष-किरण यंत्रांची सेवा देणाऱ्या संस्थेस अणुऊर्जा नियामक मंडळाची अधिकृतता लागते. भिंतीतील वायरिंगचे काम परवानाधारक वायरमननेच करावे. ओळखीचा मुलगा टीव्ही दुरुस्त करतो, म्हणून त्याच्याकडे प्रकाशफलकही सोपवू नये.

३) मेन स्विच पाडल्यावर त्याला कुलूप घालावे आणि ‘काम चालू आहे, स्विच चालू करू नये’ अशी मराठी पाटी लावावी. कुलपाची किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी. स्वागतकक्षात ठेवलेली किल्ली निरुपयोगी होय. एकापेक्षा अधिक मार्गांनी वीज येत असेल (महावितरण, यूपीएस, जनित्र), तर प्रत्येक मार्ग स्वतंत्रपणे तोडावा.

४) उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेली प्रतीक्षा पूर्ण करावी, मग वर सांगितल्याप्रमाणे मापन. अभियंता घाईत असला, तरी येथे त्याला घाई करू देऊ नये. ‘डॉक्टर, पुढचा कॉल भोसरीला आहे’ असे तो म्हणाला, तर त्याला चहा द्यावा. तेवढ्यात कपॅसिटर ओसरतो. मात्र चहानंतरही मापन हवेच.

५) काम एकट्याने करू नये. दुसरी व्यक्ती कक्षाच्या दाराशी असावी. तिने यंत्राला हात लावण्याचे कारण नाही. मेन स्विच कोठे आहे आणि हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन कसे करावे, एवढे तिला ठाऊक असले म्हणजे झाले.

६) पायाखाली विद्युत्‌रोधक रबरी चटई असावी (भारतीय मानक १५६५२). फरशी कोरडी असावी. काम करणाऱ्याच्या हातात अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ नसावे.

७) काही जुळवण्या यंत्र चालू ठेवूनच कराव्या लागतात. तशा वेळी अभियंत्याशिवाय सर्वांनी बाहेर जावे. क्ष-किरण चाचणीसाठी यंत्र चालवायचे असल्यास दार बंद असावे आणि कोणीही कॅसेट वा फलक हाताने धरून उभे राहू नये.

दुरुस्तीनंतर

‘यंत्र सुरू झाले’ याचा अर्थ ‘यंत्र सुरक्षित झाले’ असा होत नाही. अर्थिंगची तार न जोडताही यंत्र उत्तम चालते. सुरक्षास्विचवरील जंपर तसाच राहिला, तरी प्रतिमा स्पष्ट येते. म्हणून यंत्र ताब्यात घेण्यापूर्वी पुढील गोष्टी कागदावर मागाव्यात.

– सर्व झाकणे व सर्व स्क्रू बसविले आहेत. तबकात स्क्रू उरला असल्यास तो कोठला, हे समजल्याशिवाय सही करू नये.
– टाकलेले जंपर काढले आहेत व सुरक्षास्विच चालतात.
– अर्थिंगची पिन ते सांगाडा यांतील रोध मोजला आहे. दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी असलेल्या ‘आयईसी ६२३५३’ या मानकानुसार वायरसह हा रोध ०.३ ओहमच्या आत असावा.
– झिरपणारा प्रवाह मोजला आहे व तो उपकरणाच्या वर्गाच्या मर्यादेत आहे.
– क्ष-किरण यंत्राची किरणविषयक दुरुस्ती झाली असल्यास गुणवत्ता चाचणी केली आहे. एरवीही ही चाचणी दर दोन वर्षांनी आवश्यक आहे.

सोनोग्राफी यंत्र दुरुस्तीसाठी बाहेर पाठवायचे किंवा त्याच्या जागी दुसरे आणायचे असल्यास गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यान्वये समुचित प्राधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे, हेही विसरू नये. तसेच उपकरणामुळे इजा झाल्यास वा होता होता टळल्यास त्याची माहिती २०१५ मध्ये सुरू झालेल्या भारतीय मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे देता येते. ही तक्रार नसून इतरांच्या रक्षणासाठी केलेली नोंद आहे.

अपघात झाल्यास

प्रथम वीज तोडावी. चिकटलेल्या व्यक्तीला हात लावू नये. मेन स्विच हाताशी नसेल, तर कोरड्या लाकडाने वा प्लॅस्टिकच्या वस्तूने तिला दूर करावे. उच्चदाबाच्या बाबतीत मात्र लाकूडही विश्वसनीय नाही. तेथे पुरवठा तोडणे हाच मार्ग. त्यानंतर प्रतिसाद व श्वसन पाहावे. श्वसन नसल्यास तत्काळ छातीवर दाब देण्यास आरंभ करावा : मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, ३० दाबांमागे २ श्वास. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डिफिब्रिलेटर असल्यास आणावा.

विजेचा धक्का बसलेल्यास मातीत वा शेणात पुरल्याने वीज ‘उतरते’, अशी समजूत अद्याप आढळते. वीज शरीरात साचून राहत नाही. पुरण्यात जाणारी मिनिटे मात्र हृदयाला परवडत नाहीत. वैद्याने हे आपल्या कर्मचाऱ्यांना आधीच समजावून सांगावे.

रुग्ण शुद्धीवर असला, तरी ईसीजी काढावा. त्वचेवर लहानसा डाग आणि आत स्नायूंचा मोठा दाह, असे या इजेचे स्वरूप असू शकते. मूत्र काळपट-तांबूस होणे हे स्नायुनाशाचे लक्षण होय. मूर्च्छा आली असल्यास, ईसीजीत दोष असल्यास वा उच्चदाबाचा धक्का असल्यास रुग्णास पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारख्या, अखंड निरीक्षणाची सोय असलेल्या ठिकाणी विनाविलंब पाठवावे.

उपसंहार

दि. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षास आग लागून १० बालके दगावली. त्याच वर्षी २३ एप्रिल रोजी विरारच्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता कक्षात, आणि ६ नोव्हेंबर रोजी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील जिल्हा रुग्णालयात आगी लागल्या. ही प्रतिमादर्शक यंत्रे नव्हती. पण बरे होण्यासाठी आलेला जीव रुग्णालयाच्या भिंतीतील दोषाने जावा, याहून वैद्यकाचा मोठा पराभव नाही. कळत असूनही न करणे याला आपल्या शास्त्राने प्रज्ञापराध म्हटले आहे. मोडकी अर्थिंगची पिन दिसत असता यंत्र चालू ठेवणे हे त्याचेच उदाहरण होय.

रुग्णालयात एक वही घालावी. तीत प्रत्येक यंत्राचे नाव, वर्ग, मागील तपासणीची तारीख, मोजलेले आकडे आणि अभियंत्याची सही असावी. वही घालण्यास खर्च नाही. उन्हाळ्यातील अर्थिंगची तपासणी, गुरुवारचे कुलूप आणि दुरुस्तीनंतरचे मापन, एवढ्या तीन नोंदी नियमित झाल्या, तरी पुष्कळ साधले.

स्वाध्याय

१) आपल्या रुग्णालयात वीज किती मार्गांनी येते? प्रत्येक मार्ग तोडण्याचा स्विच कोठे आहे?
२) सोनोग्राफी यंत्राच्या प्रोबचा वर्ग कोणता? चिन्ह कोठे आहे?
३) अर्थिंगचा खड्डा कोठे आहे? शेवटचे मापन कोणत्या महिन्यात झाले?
४) पुरवठा तोडल्यावर २ मिनिटांत झाकण उघडणाऱ्यास आपण काय सांगाल?
५) रात्रपाळीच्या परिचारिकेस मेन स्विच अंधारात सापडेल काय? आजच तिच्यासह पाहून यावे.